गव्हाच्या एका डब्यात चार पानं

दळण टाकायला गेलो, तर गिरणीवाल्या शेवंताबाई स्टुलावर बसून वाचनालयाचं पुस्तक वाचत होत्या. गहू संपत आला की गिरणीचा आवाज बदलतो. तो बदलला तशी त्यांनी खुणेला पानात सुतळी घातली, पुढचा डबा ओतला आणि पुन्हा वाचायला लागल्या.

"एवढ्या घरघरीत जमतं?" मी विचारलं.

"गव्हाच्या डब्याला चार पानं होतात, भाऊ. चकलीची भाजणी असली तर सहा. ती बारीक दळावी लागते ना!"

त्याच वाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडे पडून आहे. निवांत वेळ मिळाला की वाचू म्हणून तीनदा मुदत वाढवली, उघडलं मात्र नाही.

त्या संध्याकाळी उघडलं. अगदी शेवटच्या पानापर्यंत पानांच्या बेचक्यात पीठ होतं.