अमावस्येचं दूध

आमच्या गावची माणसं फार साधी, फार देवभोळी, असं पाहुण्यारावळ्यांत कुणी बोलायला लागलं की मला शिसारी येते. मी उठून आत निघून जाते. ही साधी माणसं कशी असतात ते मी डेअरीच्या कॉम्प्युटरपुढे बसून पाहिलेलं आहे. त्या कॉम्प्युटरचाही मला तेवढाच वीट आला, पण तो निदान देवाचं नाव घेत नव्हता.

माझं माहेर येडगावचं. नव्वदच्या दशकात लग्न होऊन पिंपळवंडीजवळच्या एका लहान गावात आले. माझे सासरे, मामंजी म्हणायचे मी त्यांना, तेव्हा गावच्या डेअरीवर दूध मोजायला होते. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, दारात मोठं पातेलं आणि ॲल्युमिनियमची मापं. मामंजींचं माप काठोकाठ भरायचं, पण कुणाचं घोटभर जास्त घेतलंय असं कधी झालं नाही. आमच्या भावकीत बांधावरून डोकी फुटली आहेत, विहिरीच्या पाळीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मामंजींच्या मापावरून मात्र कुणी कधी आवाज चढवला नाही. म्हाताऱ्याला त्याचा केवढा अभिमान! बोलून दाखवायचे नाहीत, पण डेअरीला जाताना रोज धुतलेली टोपी घालायचे.

आमच्या मळ्यात एक रीत होती. मळ्यातली सगळी भावकीची घरं अमावस्येला दूध विकायची नाहीत. म्हसोबाचा दिवस म्हणून त्या दिवसाचं दूध घरात राहायचं. थोडा नैवेद्य, थोडं पोरांना, थोडं विरजणाला, आणि बाकीचं ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांना. गावात शिलाईकाम करणारं एक मुसलमान कुटुंब होतं, त्यांच्या घरची म्हातारी तांब्या घेऊन यायची. शेतमजुरांच्या बायका यायच्या. कुणी मागायचं नाही आणि कुणी उपकार केल्यासारखं द्यायचंही नाही. बाकीचं गाव अमावस्येलाही डेअरीला दूध घालायचं, त्यामुळे गाडी रिकामी जायची नाही. सासर आवडावं असं जे थोडंफार होतं, त्यात ही रीत होती.

दोन हजार सालानंतर कधीतरी एका खासगी कंपनीनं आमच्या डेअरीचं दूध घ्यायला सुरुवात केली. त्यांचं थंड करायचं केंद्र पुणे-नाशिक रस्त्यावर, पेठच्या अलीकडे. त्यांनी आम्हाला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दिला, फॅट तपासायचं मशीन दिलं आणि त्यांना जोडलेला कॉम्प्युटर दिला. प्रत्येक घराला एक नंबर. कॅन काट्यावर ठेवला की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये, फॅट आपोआप, भाव आपोआप. माणसानं काही लिहायचंच नाही. कीबोर्डला हात लावायला गडी माणसं बिचकत होती आणि मी बी.कॉम. झालेली, म्हणून मला बसवलं. काट्यावरचं दूध मोठ्या कॅनांत ओतायचं, झाकणं लावायची आणि गाडी येईपर्यंत ते सांभाळायचं काम मामंजींकडे राहिलं. मापं गेली. मामंजींनी ती घरी आणून घासून फळीवर ठेवली.

दिवसाच्या नोंदी फ्लॉपीत भरून गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या. केंद्रावरचा मोठा कॉम्प्युटर ती वाचायचा आणि दर दहा दिवसांनी घराघराची बिलं काढायचा. त्या काळी लोडशेडिंग असं की ऐन दूध घालायच्या वेळेला वीज जायची. मग दूध घेतलेलं असायचं पण नोंद बुडालेली. लोक अंगावर धावून यायचे. पहिले काही महिने मी शिव्या खाण्याचाच पगार घेतला. नंतर केंद्रावरून निरोप आला, प्रोग्राम सुधारलाय, आता कुणाची नोंद बुडणार नाही. आणि खरंच, तक्रारी एकदम थांबल्या. मला वाटलं, सुटले.

तिथूनच तूट सुरू झाली. महिन्याच्या रिपोर्टात आमच्या डेअरीच्या नावासमोर लाल अक्षरात 'तूट' यायला लागलं. म्हणजे नोंदीत जेवढं दूध घेतलंय तेवढं केंद्राच्या टाकीत पोचत नाही. पहिल्या महिन्यात कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, काट्याकडेही पाहिलं नाही. थेट मामंजींकडे बोट केलं.

"बाबा, काट्यापासून गाडीपर्यंत दूध कुणाच्या ताब्यात असतं?"

"माझ्या," मामंजी म्हणाले.

"मग ते जातं कुठं?"

मामंजींना प्रश्नच कळला नाही. "जातं म्हंजी? गाडीत जातं की सायब."

आजूबाजूला कॅन घेऊन उभी असलेली माणसं हसली. मामंजीही हसले, कारण त्यांना तो विनोदच वाटला होता. सुपरवायझर मात्र हसला नाही. म्हणाला, "रीतसर चौकशी करावी लागेल. परवा येतो." मग भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघून म्हणाला, "परवा नको, अमावस्या आहे. त्यानंतर येतो."

त्या रात्री मामंजी जेवले नाहीत. कुठल्या कॅनला चीर पडली असेल, म्हणून सकाळी एकेका कॅनात पाणी भरून उन्हात ठेवून बघत बसले.

चौकशीच्या दिवशी सुपरवायझरबरोबर प्रोग्राम बनवणारा एक तरुण इंजिनिअर आला होता. पुण्याचा, बोलायला गोड. मी त्याला चहा दिला आणि सहज विचारलं, की वीज गेली तर नोंद भरते कशी? तो खुलला. म्हणाला, "एकदम सोपं आहे मॅडम. एखाद्या नंबरची नोंद आलीच नाही, तर सिस्टीम समजते की काहीतरी एरर आहे. मग मागच्या आठवड्याची सरासरी काढते आणि आपोआप भरते. कुणाला काही करावंच लागत नाही!"

"आणि माणसानं दूध घातलंच नसेल तर?"

"का नाही घालणार?" तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला उमगलं. अमावस्येला मळ्यातल्या कुणाचीच नोंद नसते. कॉम्प्युटरला ती चूक वाटते आणि तो सगळ्या घरांच्या नावावर दूध चढवतो. जे दूध म्हसोबापुढे आणि शिंप्यांच्या म्हातारीच्या तांब्यात गेलं, ते केंद्रात कागदावर पोचतं आणि टाकीत पोचत नाही. एवढीच ती तूट. मी तिथल्या तिथे सुपरवायझरला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माफी मागतील.

त्यानं इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरनं स्क्रीनवर एक यादी उघडून दाखवली. नोंद नसण्याची कारणं त्यात ठरवून दिलेली होती: वीज नाही, मशीन बंद, दूध नासलं, गाडी आली नाही. "यात अमावस्या बसत नाही मॅडम," तो खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. "'दूध नासलं' टाकू का?"

मामंजी कोपऱ्यात उभे होते. "देवाचं दूध नासलं म्हनून लिवता? नाय लिवायचं," ते म्हणाले.

"आणि तसंही," सुपरवायझर म्हणाला, "या घरांनी दूध घातलं नव्हतं, तर बिल जास्त आलं म्हणून कुणी एकानं तरी सांगितलं असतं ना? एकाचीही तक्रार नाही."

याचं उत्तर घ्यायला मी संध्याकाळी मळ्यात घरोघर गेले. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं. एका घरी बाई चुलीत फुंकर घालत बसली, तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या घरी म्हणाले, "आमी काय बिल वाचत न्हाई बाई, येतंय ते घेतो." मामंजींचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, म्हसोबाच्या यात्रेत सगळ्यात पुढे असायचे. ते ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सूनबाई, मशीनची चूक हाय ना? मंग मशीनवाले बगतील. तू कशाला लोकांच्या तोंडातला घास काढती?" देवासाठी म्हणून दूध घरी ठेवायचं आणि त्याच दुधाचे पैसे कंपनीकडून घ्यायचे, हे त्यांना सगळ्यांना माहीत होतं. मीच तेवढी येडी.

आमच्याही नावावर ते दूध चढत होतं. आमचं बिल माझा नवरा परस्पर उचलायचा. मी त्याला विचारलं तर म्हणाला, सगळ्यांचं तसंच आहे. मामंजी ते ऐकून गोठ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींनी जे केलं ते फक्त मामंजीच करू जाणे. आमच्या म्हशीचं सकाळचं दूध त्यांनी काट्यावर ठेवलंच नाही. सरळ नेऊन मोठ्या कॅनात ओतलं. मी म्हटलं, "मामंजी, हे काय?"

"आपल्या नावावं जेवढं फुकाट चढलंय तेवढं परत घालतोय."

"पण नोंद नको का? मशीनला कसं कळणार?"

"मशीनला कशाला कळाया पायजे? दुदाचं देनं दुदानं फिटलं की झालं."

सगळ्यांच्या देखत, उजळ माथ्यानं ते दूध ओतत राहिले. भावकीनंही तसंच करावं अशी त्यांची आशा असणार. भावकी काट्यावर कॅन ठेवत होती आणि वजनाची चिठ्ठी घेऊन जात होती. मी म्हणत होते की कंपनीला सांगून तरी करू. ते म्हणाले, सांगून काय व्हायचं ते तू बघितलंस ना.

केंद्रावर मात्र आता उलटं दिसायला लागलं. आमच्या घराची नोंद नाही म्हणून कॉम्प्युटर सरासरी भरतच होता, म्हणजे त्या दुधाचंही बिल आमच्या नावावर चढत होतं, पण सुपरवायझरची नजर आता रोजच्या टाकीवर होती. त्यानं हाताशी माणूस ठेवून आमच्या कॅनांची मोजणी केली. काट्यावरून गेलेल्यापेक्षा टाकीत जास्त दूध! तो आला तो जिंकल्यासारखाच. भर डेअरीत म्हणाला, "आधी काढायचा, आता पकडल्यावर परत भरतोय. अजून काय पुरावा पाहिजे?"

मी ओरडून सांगितलं की ते आमचं दूध आहे, रोज सगळ्यांसमोर ओतलंय. विचारा यांना. त्यानं विचारलंही. कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणी दोरीची गाठ सोडायला लागला, कुणी टोपी काढून डोकं खाजवलं. ज्यांनी या माणसाच्या मापानं पिढीभर दूध घातलं, त्यांच्यातला एकही जण बोलला नाही. एकही जण! मला त्या वेळी त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं होतं, आणि नाही थुंकले याचं वाईट अजून वाटतं.

मामंजींना काढलं. पोलिसांत देत नाही हे उपकार समजा, असं सुपरवायझर म्हणाला. त्यांच्या जागी दुसऱ्या आळीतला माणूस आला. मी नोकरी सोडायला निघाले होते, पण मामंजींनीच नको म्हटलं. म्हणाले, "तू बसून राहा. पुढच्या आवसंला म्या नसतानाबी तूट येनार. मंग कळंल सायबाला."

बरोबरच होतं ते. प्रोग्राम तोच होता, रीत तीच होती. अमावस्या आली की तूट येणार, आणि या खेपेला ती मामंजींच्या माथी मारता येणार नव्हती. आम्ही दोघं त्या दिवसाची वाट बघत राहिलो. घरात सण येणार असावा तशी मी कॅलेंडर बघायचे.

अमावस्येच्या सकाळी मी डेअरी उघडली आणि बघते तर मळ्याच्या वाटेनं माणसं येताहेत. हातात कॅन. सगळ्यात पुढे चुलत सासरे. त्यांनी कॅन काट्यावर ठेवला आणि नंबर सांगितला. मी त्यांच्याकडे बघत राहिले तसे म्हणाले, "काळ बदलला सूनबाई. लिव." त्यांच्या मागे भावकीतलं एकूण एक घर होतं. कुणी बैठक घेतली नसेल, कुणी कुणाला सांगितलंही नसेल. पण सगळ्यांना नेमकं कळलं होतं: आज दूध घातलं नाही तर तूट येईल, तूट आली तर चौकशी होईल, आणि या खेपेला चौकशी त्यांच्या दारात येईल. म्हसोबाला त्यांनी एका सकाळीत मोडीत काढलं. मी एकेक कॅन घेत गेले आणि नंबर दाबत गेले. आमचा कॅन तेवढा आला नाही. मामंजींनी तो हातानं अडवून ठेवला होता. त्या दिवशी शिंप्यांच्या घरची म्हातारी सगळ्या मळ्यातून रिकामा तांब्या घेऊन आमच्या दारात आली, आणि मामंजींनी तिला घरात होतं तेवढं दिलं.

महिन्याचा रिपोर्ट घेऊन सुपरवायझर स्वतः आला. आमच्या एका घरामुळे जेमतेम फरक होता, तो लाल अक्षरात येण्याइतकाही नव्हता. पेढ्याचा बॉक्स आणला होता त्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा मंडळी. म्हातारा गेला आणि तूट बंद." मंडळींनी माना हलवल्या. चुलत सासऱ्यांनी दोन पेढे घेतले. एक घरच्यांसाठी.

मी घरी आले. मामंजी गोठ्यात होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आला का रिपोर्ट?"

"आला."

"तूट?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही आली," मी म्हटलं.

त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मंग मी चोरच ठरलो की गं."

मी नाही नाही म्हणत पुढे झाले, पण तोवर ते घमेलं घेऊन पेंड काढायला वळले होते.