धुरकट चित्र

डोणगावात दरवर्षी तंबूतलं टॉकीज यायचं. मी दारावर तिकिटं फाडायचो आणि तो सिनेमाचं मशीन चालवायचा. सगळे त्याला मशीनवाला म्हणत, म्हणून नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलणं तुटक, पण चित्राच्या बाबतीत भारी काटेकोर. खेळाआधी रिळाचा एक तुकडा लावून तो पडद्यापर्यंत चालत जायचा आणि जवळून निरखायचा. "नटीच्या पापण्या मोजता आल्या पाह्यजे," म्हणायचा. तोवर बाहेर लोक कितीही ओरडोत, खेळ सुरू होत नसे.

एका संध्याकाळी त्यानं भिंग तीनदा पुसलं, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलल्या. मग मला हाक मारली.

"चित्र धुरकट काऊन दिसून राह्यलं बे?"

मी पाहिलं. केसन् केस वेगळा दिसत होता.

"साफ हाय, काका."

"अजून पाह्य."

"एकदम साफ हाय."

त्याचे डोळे माझ्याकडे वळले होते, पण नेमके माझ्या तोंडावर नव्हते. मी खोटं बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

मग त्यानं माझा हात धरून भिंगावर ठेवला. "हळूहळू फिरव. साफ झालं का थांबजो. आता हे तुलेच करा लागन."

खेळ सुरू झाला. तो पडद्याकडे पाठ करून मशीनला टेकून बसला. चित्र कसं आहे, हे त्यानं शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाही.