टाकीच्या झाकणाचा निळा

आमच्या आवारात, मागच्या जिन्याजवळच्या भिंतीला लागून, एक जुनी पद्मिनी मोटार उभी असते. ती माझ्या पप्पांची आहे. हे वाक्य मी कॉलेजमध्ये पहिल्यांदा बोलले तेव्हा समोरच्या मुलीने विचारलं होतं, "म्हणजे पप्पा चालवतात ना ती?" चालवतातही आणि त्यांची आहेही. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे काही जणांना पटकन उमगत नाही. हे तिला सांगायचं मला घरी आल्यावर सुचलं. मला बोलायला नेहमीच थोडा वेळ लागतो.

पप्पा माझ्या जन्माच्या आधीपासून मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टर गेले, डॉक्टरीणबाई मुलाकडे राहायला निघाल्या आणि जाताना त्यांनी गाडी कागदपत्रांसकट पप्पांच्या नावावर करून दिली. गाडी तेव्हा क्रीम रंगाची होती. चावी हातात देताना बाई म्हणाल्या, "आम्ही घेतली तेव्हा निळी होती हो. मग यांना क्रीमचं खूळ लागलं."

"कसला निळा, बाई?" पप्पांनी विचारलं.

"निळा म्हणजे निळा. आता कुठलं आठवायला!"

घरी आल्यावर पप्पांनी जाहीर केलं, की गाडीला कंपनीचा रंग मारायचा. ती कारखान्यातून निघाली तेव्हाचा.

"क्रीमला काय झालं?" आईने विचारलं. "चांगला तर आहे."

"चांगलाच आहे. पण तो डॉक्टरांच्या आवडीचा."

"मग तुमच्या आवडीचा मारा."

"माझ्याही नाही. गाडीचा स्वतःचा."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "घ्या. हिच्या कॉलेजचा खर्च आहेच, त्यात आता गाडीचा."

जुन्या गाडीचा रंग जुळवायचा असेल तर रंगारी पहिल्यांदा पेट्रोलच्या टाकीचं झाकण मागतात. ते सुटं निघतं, पिशवीत घालून दुकानात नेता येतं. आमचे पेंटरकाका मालवणचे. भांडुपला त्यांची शेड आहे. त्यांनी झाकणाचा कोपरा पाण्याच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासला. क्रीमखालून निळा निघाला. गडद, ठसठशीत निळा. त्याच्याखाली थेट प्रायमर आणि पत्रा.

"ह्यो बघ गो तुझो कंपनीचो रंग," काका म्हणाले.

मी पप्पांचा चेहरा बघितला. आमच्या घरी, आमच्या गल्लीत, आमच्या लोकांच्या प्रत्येक मिरवणुकीत जो निळा असतो, अगदी तोच होता तो.

काकांनी रंग बनवला. बॉनेट आणि ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा झाला आणि तेवढ्यात शिमगा आला. कोकणातला माणूस शिमग्याला मुंबईत थांबत नाही. काका शेड बंद करून गावाला गेले आणि अर्धी क्रीम, अर्धी निळी अशी गाडी पप्पा आवारात घेऊन आले.

आमचं आवार समजून घ्यावं लागेल. इथे आधी आमच्या झोपड्या होत्या. त्या पाडून दोन इमारती झाल्या. मागची आम्हाला झोपड्यांच्या बदल्यात मिळाली, पुढची विकत घेणाऱ्यांची. घाटकोपरमध्ये असं सगळीकडे आहे. गेट एकच, पण पुढच्या लोकांचं बघणं वेगळं.

मागच्या इमारतीत तर जल्लोष झाला. शेजारची ताई गॅलरीतून ओरडली, "दादा, झकास! जयंतीला हीच पुढं ठेवायची हां!" मुलं बॉनेटला टेकून फोटो काढू लागली. मला इतकं छान वाटत होतं, की मी उगाच दोनदा खाली जाऊन आले.

संध्याकाळी पुढच्या इमारतीचे सेक्रेटरी फिरायला उतरले. गाडीपाशी थांबले. कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत ते, हसतच बोलतात.

"पूर्ण अशीच करणार का?"

"हो साहेब. कंपनीचा रंग आहे," पप्पा म्हणाले.

"असं? योगायोग म्हणायचा मग." ते हसले. "नाही, आपलं सगळ्यांचं आवार आहे. सगळ्या प्रकारचे लोक राहतात. झेंडा लावल्यासारखं कशाला? काहीतरी सोबर बघा ना. सिल्व्हर, ग्रे."

पप्पा म्हणाले, "बघतो." माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं. आम्ही इथे तुमच्या आधीपासून राहतो, हेसुद्धा. पण ते गेट ओलांडून गेले तरी माझं वाक्य जुळत होतं.

त्या रविवारी पप्पांनी मागचा दरवाजा उघडला. त्याची काच खडखडत होती. मी स्क्रू धरायला बसले होते. पप्पांनी दरवाज्याच्या आतला पुठ्ठा ओढून काढला आणि आम्ही दोघंही बघत राहिलो.

आतला पत्राही निळाच होता, पण तो निळा नव्हता. फिका, जरा राखाडी. शाळेचा पांढरा शर्ट आईकडून निळीत जरा जास्त बुडला की दिसतो, तसा. मी दुसऱ्या दरवाज्याचा पुठ्ठा काढायला लावला. तिथेही तोच. मागची सीट उचलली. तिथेही तोच.

"मग झाकण?" मी विचारलं.

पप्पांनी कपाळावर हात मारला. "वाट लागली. झाकण मीच आणलंय गं, कुर्ल्याच्या भंगारातून! दवाखान्याबाहेरून चोरीला गेलं होतं. तू नव्हतीस तेव्हा. क्रीमचा हात मारून बसवलं आणि विसरून गेलो."

म्हणजे आम्ही भलत्याच गाडीचा रंग आमच्या गाडीला लावत होतो.

मी पुठ्ठा उचलला आणि परत लावायला लागले. "राहू दे पप्पा. आहे तोच पूर्ण करू."

"का?"

"आता फिका मारला तर त्यांना वाटेल त्यांनी सांगितलं म्हणून बदलला. सोबर झाला म्हणतील."

"म्हणू दे."

"नाही म्हणू द्यायचं! आपल्याकडचे काय म्हणतील? घाबरले म्हणतील."

पप्पा फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी सांगितलं म्हणून बदलायचा नाही, आणि त्यांनी सांगितलं म्हणूनच ठेवायचा. दोन्हीकडून रंग तेच ठरवतायत की, बाळा."

मला राग आला आणि मी पुठ्ठा खाली ठेवला. मला तो गडद निळा हवा होता. आजही मला तोच जास्त आवडतो, हे इथे स्वच्छ लिहिते. पण गाडीचा स्वतःचा रंग हवा म्हणून आम्ही निघालो होतो, आणि तो पुठ्ठ्यामागे इतकी वर्षं कुणी न विचारता शाबूत होता.

काका गावाहून आले आणि बॉनेट परत घासायचं ऐकून खाली बसले. "कोणी काय सांगल्यान काय तुमका?"

"कोणी नाही. गाडीनेच सांगितलं," पप्पा म्हणाले.

फिका निळा जुळवणं कठीण गेलं. ट्यूबलाइटखाली जुळायचा आणि उन्हात नेला की हिरवट दिसायचा. काका काळ्याचा थेंब टाकायचे, पप्पा नाक मुरडायचे, आणि मी नमुन्याचा रंग मारलेला पत्र्याचा तुकडा उन्हात वाळवून मग दरवाज्याच्या आत धरून बघायचे, कारण ओला रंग फसवतो. शेवटी एका दुपारी तुकडा कुठे संपतो आणि दरवाजा कुठे सुरू होतो ते दिसेना. काका म्हणाले, "झाला! आता ता झाकण पण हाड गो. रंग मारून टाकतंय."

मी झाकण पिशवीतून काढलं आणि दिलं नाही.

"याला नको, काका."

"अगो, वेगळा दिसतला!"

"वेगळ्याच गाडीचं आहे ते. याचा कंपनीचा रंग हाच आहे. फक्त वरचा क्रीम काढा." मी पप्पांकडे बघितलं. ते मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी.

गाडी आवारात आली त्या संध्याकाळी सेक्रेटरी थांबले. "वा! बघा, मी म्हटलं होतं ना? किती शोभते आता."

पप्पा काही बोलायच्या आत मी बोलले. "काका, तुम्ही म्हणालात म्हणून नाही केला. हाच तिचा रंग आहे. दरवाज्याच्या आत दाखवू का?"

"अगं, मी सहज म्हटलं." ते गाडीभोवती फिरले आणि मागे थबकले. "हे झाकण राहिलं वाटतं. तेवढं मॅच करून घ्या."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"पण एवढा उठून दिसतो तो निळा."

"हो," मी म्हणाले. "तो तसाच आहे."

ते पुढच्या इमारतीकडे गेले. वरून ताईने विचारलं, "काय म्हणत होते गं?" मी म्हटलं, "झाकण दिसलं त्यांना." पप्पांनी फडकं घेतलं आणि गाडी पुसायला सुरुवात केली, झाकणापासून.