वांग्यांवर पांघरलेली लुगडी

यंदाच्या उन्हाबद्दल मी वाढवून सांगत नाही, उलट कमी करूनच सांगतोय. आमच्या जळकोटच्या शिवारात कावळा फांदीवर बसला की एका पायावर उभा राहायचा, दुसरा निववायचा. विहिरीतनं बादली वर येईस्तोवर पाण्याचा चहा व्हायचा. साखर-पत्ती तेवढी घरून न्यायची.

त्या उन्हात आईच्या वांग्याची तीस झाडं उभी होती. काटेरी, जांभळ्या पट्ट्यांची. हे बी तिनं लग्नात माहेराहून पदराच्या गाठीत आणलेलं आणि दरसाल राखेत घालून जपलेलं. गेल्या पावसाळ्यात डबा भिजला, बुरशी लागली, चिमूटभर बी वाचलं. "पाऊस पडू दे, मग लाव," आई म्हणाली होती. मी शहाणा. सगळं उन्हाळ्यातच लावून मोकळा झालो. म्हणजे ही झाडं गेली की बी कायमचं गेलं.

चैत्र सरता सरता पानं सकाळी दहालाच माना टाकायला लागली. कृषी सहायक ताई आल्या, पान उलटं करून म्हणाल्या, "दादा, पानाला खालून बारीक तोंडं असतात. ऊन लई झालं की पाणी उडू नये म्हणून ती मिटतात. मग हवा आत जात नाही, पानाला अन्न करता येत नाही. झाड उपाशी."

"एवढा उजेड असून?"

"चूल पेटलीय, पीठच न्हाय, असं समजा. सावली करा. पण विरळ."

विरळ हा शब्द कानात शिरला, डोक्यापर्यंत काही पोचला नाही. मी भावकीतनं जाडजूड लुगडी गोळा केली, बांबूंवर दुहेरी ताणली. वाफा असा नटला, की हायवेवरची एसटी थांबवून बाया साड्यांचा भाव विचारायला उतरल्या. निदान एक तरी उतरली.

दहा दिवसांनी आईनं लुगडं उचलून बघितलं. झाडं लांबुडकी, पिवळी पडलेली, कावीळ झाल्यागत.

"आरं, आधी हवा न्हाय, आता उजेड बी न्हाय. जित्तीच गाडलीस की!"

घाबऱ्याघाबऱ्या भर दुपारी मी सगळी लुगडी एकदम ओढून काढली. इतके दिवस अंधारात वाढलेली ती कोवळी पानं संध्याकाळपर्यंत भाजून पांढरी झाली, हात लावला की पापडागत मोडायची. आई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

एकच झाड तगलं, बांधावरच्या कडुलिंबाच्या पडछायेतलं. त्याला लिंबाएवढं एक वांगं होतं. आम्ही दोघं रोज तांब्यानं पाणी घालायचो. पण वर पानं चारच. ती कुणाला पोसणार? वांगं वाढलंच नाही, वेळेआधी पिवळं पडलं, देठातनं सुटलं.

आईनं ते विळीवर चिरलं, बी काढून वाटीभर पाण्यात टाकलं. भरलेलं बी बुडतं, पोचट तरंगतं. हे मला लहानपणापासून ठाऊक.

सगळं तरंगलं.

आई एकेक दाणा बोटानं खाली दाबत होती. बोट काढलं की तो वर यायचा. "बस की रं बाबा खाली," ती म्हणायची आणि पुन्हा दाबायची.