मागच्या खोलीत कुणाला सोडायचं

जानेवारीचा शेवटचा आठवडा, मंगळवार, सकाळ. हजर: मी, नवरा, सासूबाई, नणंद. नवरा वरच्या मजल्यावर तापात. नणंद मागच्या खोलीत. सासूबाई स्वयंपाकघरात, हातात सांभाराची जुडी घेऊन. नागपुरात आम्ही कोथिंबिरीला सांभार म्हणतो.

नणंद रामटेकची. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिची केमो चालू होती आणि प्रत्येक डोसनंतर ती काही दिवस सक्करदऱ्याला आमच्याकडे राहायची. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: डोसनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात, घरात कुणाला साधी शिंक आली तरी त्या माणसाला हिच्याजवळ पाठवू नका. मी तशी व्यवस्था लावली होती. तिची ताटवाटी वेगळी, बाथरूम वेगळं, दाराशी मास्क आणि सॅनिटायझर.

पण त्या आठवड्यात सगळं शहरच खोकत होतं. नवऱ्याचं लकडगंजात लाकडाचं दुकान आहे. तो अंगदुखी आणि ताप घेऊन घरी आला. त्याच दिवसापासून सासूबाईंचंही नाक वाहू लागलं. मागच्या खोलीत कोण जाऊ शकतं आणि कोण नाही, हे ठरवणं भाग होतं.

ते ठरवायची आमच्या घरात एक पद्धत होती. पहिल्या लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचा वास गेला होता आणि तपासणीत कोविड निघाला होता. तेव्हापासून कुणालाही सर्दी झाली की सासूबाई सांभाराची पानं चुरगळून त्याच्या नाकाशी धरत. वास आला तर साधी सर्दी, नाही आला तर कोविड. या जुडीवर घरात सगळ्यांचा भरवसा होता.

त्या वर गेल्या, मी मागे.

"डोळे मिट गा. सांग, कायचा वास येऊन राहिला?"

"कशाचाच नाही," नवरा म्हणाला.

"पाहा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गेला न याचा वास. लाकडाचा भुसा खाऊन खाऊन नाकाचं मातेरं करून ठेवलं यानं."

"आई, नाक चोंदलंय माझं. आत्ता अत्तराची बाटली ओतली तरी कळणार नाही."

"मले नको शिकवू. खाली उतरायचं नाही."

मग त्यांनी स्वतःचे डोळे मिटले, जुडी हुंगली. "मले तर येऊन राहिला. खालून तुह्या फोडणीतल्या लसणाचाही येऊन राहिला. माही साधी सर्दी आहे, थंडीची."

"तरी मास्क लावा, आई."

"लावीन न वं."

मास्क त्यांनी लावला. मागच्या खोलीत लेकीजवळ बसल्या की तो हनुवटीवर यायचा.

मी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर नवऱ्याचा ताप कळवला. त्या म्हणाल्या, घरात ज्यांना ज्यांना त्रास आहे त्या सगळ्यांचे नमुने द्या, फ्लू आणि कोविड दोन्ही एकदमच तपासून होतात. लॅबचा माणूस आला. नवऱ्याचा आणि सासूबाईंचा नमुना दिला. मला काही होत नव्हतं, पण मागच्या खोलीत चहापाणी मीच नेत होते, म्हणून माझाही दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अहवाल फोनवर आले. माझ्यात काही नाही. नवऱ्याला फ्लू, कोविड नाही. सासूबाईंना कोविड.

मी पुन्हा वाचलं. नावं पाहिली, वयं पाहिली. मग लॅबला फोन लावला आणि नमुन्यांची अदलाबदल झाली का ते विचारलं. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, ट्यूबवर नाव पेशंटसमोरच टाकतात." खरंच होतं. नावं मीच सांगितली होती, ती नीट लिहिली का हेही वाकून पाहिलं होतं. फोन ठेवल्यावर मी गॅस बंद केला, मग चालू केला, मग परत बंद केला. भाजी कच्चीच होती.

मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला.

मी दारात गेले. नणंद उशीला टेकून बसली होती, डोक्यावर लोकरीची टोपी. सासूबाई पलंगावर तिला चिकटून. मास्क हनुवटीवर. वाटीतला वरणभात चमच्यात घ्यायचा, ओठांशी नेऊन त्यावर फुंकर घालायची आणि तिच्या तोंडात द्यायचा. मी पाहत असतानाच त्यांनी आणखी एकदा फुंकर घातली.

"वहिनी, पाहा न," नणंद म्हणाली, "उष्टावणातल्या पोरासारखी भरवून राहिली मले."

"मी नाही बसली तर जेवते का ही?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, बाहेर या."

"काहून? भात तर होऊ दे."

"आधी बाहेर या."

माझ्या आवाजात काय होतं ठाऊक नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि काही न विचारता उठल्या.

डॉक्टरीणबाईंना मी एकच विचारलं, वास येत असताना कोविड कसा? त्या म्हणाल्या, "नाक चोंदलं की फ्लूमध्येही वास जातो. आणि आता कोविड झालेल्या कितीतरी जणांचा जातच नाही. ताप, खोकला, अंगदुखी दोन्हींत सारखी. तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. आता ताईंचा नमुना लगेच द्या, त्यांचं औषध लवकर सुरू व्हायला हवं."

नणंदेच्या नमुन्यातही कोविडच निघाला. अहवालापाठोपाठ ताप आला आणि तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. पेशी आधीच खाली होत्या, त्यात ऑक्सिजन उतरू लागला. मी बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसायचे. सगळे कागद क्रमाने लावलेले होते, आणि डॉक्टरांनी विचारलं की मला त्यातला एकही नेमका सापडत नव्हता.

ती वाचली. घरी आली तेव्हा जिना चढताना तिला दोनदा बसावं लागलं. पुढचा डोस लांबला.

सासूबाई तोवर बऱ्या झाल्या होत्या, थोडा खोकला उरला होता. आपल्याला आणि लेकीला एकच आजार झाला हे त्यांना कळलं होतं. तो कुठून आला, याचा निकाल त्यांनी स्वतःच लावला.

"तूच आणला गा लकडगंजातून," जेवताना त्या मुलाला म्हणाल्या. "मले दिला, तिले दिला. बहिणीची हालत पाहिली का?"

"हो आई."

"वास गेला तेव्हाच म्हटलं होतं मी."

"हो, म्हटलं होतं."

मी म्हणाले, "आई, यांना तर फ्लू..." नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

नंतर मला म्हणाला, "राहू दे माझ्या नावावर. मला काय फरक पडतो? तिला कळलं तर जेवणार नाही ती."

नणंदेचंही तेच. "आईले नको सांगू वहिनी. तिनं भरवलं म्हणून तर मी दोन घास खाल्ले."

दोघांचं मला पटतं. पण येत्या सोमवारी डोस आहे, आणि सासूबाईंनी त्यांचं ठरवून टाकलं आहे: मुलाला वरून खाली येऊ द्यायचं नाही, लेकीजवळ स्वतः बसायचं. परवा त्यांना दोन शिंका आल्या. मी पाहिलं तर म्हणाल्या, "माही साधीच असते वं."

घरी तपासायचे किट आणले आहेत. मास्क आणले. खोलीची खिडकी सुताराकडून उघडती करून घेतली. भरवण्यासाठी रामटेकहून नणंदेची जाऊ येणार आहे, तिच्याशी बोलणं झालं.

आज सकाळी चहा घेऊन सासूबाईंपाशी बसले. त्या वाटाणे सोलत होत्या. "बोल वं," त्या म्हणाल्या, "काही म्हणायचं आहे का तुले?"

मी विचारलं, वाटाण्यांचं काय करू.

सोमवारच्या आत त्यांना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.