सुईबाई आणि दोन महिन्यांची कालवड

"तुमची कालवडही पॉझिटिव्ह आली, बरं का," असं गोठेवाल्या काकूंना फोनवर सांगून मी मोकळा झालो आणि चहाला निघालो. मावशीने दारातच अडवलं.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी, आणि माझं नशीब असं की आमच्या पशुरोग प्रयोगशाळेची प्रमुखही तीच. गोठ्यागोठ्यांत तिला सुईबाई म्हणतात. गाईंना रक्ताचा कर्करोग देणारा विषाणू रक्ताच्या थेंबातूनही पसरतो, म्हणून एका गाईची सुई ती दुसरीला लावू देत नाही. एका कंपाउंडरने सुई नुसती पुसून पुन्हा उचलली, तेव्हा ती म्हणाली, "आधी तुझ्या दंडात टोचते, आण इकडं." तो अजूनही तिला पाहिलं की शर्टाच्या बाह्या खाली ओढतो.

"कालवड केवढी?" मावशीने विचारलं.

"दोन महिन्यांची."

"आईचा रिपोर्ट?"

"पॉझिटिव्ह."

"मग चीक कुणाचा प्यायली ती? तुझा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या चाचणीत विषाणू दिसत नाही, त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं दिसतात. ती आईच्या चिकातून वासरात उतरतात आणि काही महिने टिकतात. म्हणजे कदाचित आईचं दुखणं मी लेकीच्या माथी मारलं होतं. आणि बाधित जनावरं न्यायला काकूंकडे दुपारीच गाडी येणार होती. त्या फोन उचलेनात.

मावशीने जीप काढली. "बस. आणि तोंड मिटून बस, तेवढं तरी जमतंय का बघू."

पोचलो तेव्हा गाय गाडीत चढली होती आणि काकू कालवडीच्या गळ्यातली घंटी सोडत होत्या.

"थांबा!" मावशी जीपमधूनच ओरडली. "तिला कुठं पाठवताय? वेगळी बांधा. तिच्या रक्तात मी विषाणूच शोधते."

"आणि सापडला तर?"

"तर मी स्वतः येऊन सांगेन. याला फोनला हात लावू देणार नाही."

काकूंनी गाडीवाल्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मी कालवडीला धरलं, मावशीने नवी सुई फोडली. टोचताच कालवडीने अशी उसळी मारली, की मी मागे सरकलो ते थेट खाली ठेवलेल्या घंटीवर. घंटीची चपटी बशी झाली.

प्रयोगशाळेत तपासलं, तर रक्तात विषाणूचा मागमूस नव्हता. मावशीने फोन माझ्या हातात दिला. "सांग. आणि या वेळी पुरतं सांग."

मी पुरतं सांगितलं. आज रक्त स्वच्छ आहे. आईची प्रतिद्रव्यं ओसरली की पुन्हा तपासू. तोवर वेगळीच बांधा, आणि सुई दर वेळी नवी.

पलीकडे काकू नाक ओढत होत्या. मग म्हणाल्या, "आणि माझी घंटी? आवाज तोच हवा हं. त्या आवाजावरूनच मला कळतं, ती दुधाला आली म्हणून."

तेव्हापासून मी दुकानात एकेक घंटी कानाशी हलवून बघतोय. तो आवाज काही सापडत नाही, आणि दुकानदार आता मला लांबून पाहिलं की शटर ओढतो.