पाचव्या खिळ्यावरची पिशवी

सहावीच्या वर्गावर होते. फळ्यावर बाष्पीभवनाची आकृती अर्धी झाली होती, तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई स्वतः दाराशी आल्या, तुमचा फोन आहे म्हणाल्या. फोनवर मुलुंडचे अण्णा होते, कुमुदताईंचे यजमान. "नीला, कुमुद गेली गं. सकाळी चहा घेतला, विणायला बसली आणि..." आणि मी विचारलं काय, तर "काय विणत होत्या?" अण्णा म्हणाले, "निळं काहीतरी आहे. तू ये, मग बघ." गेल्या दीड महिन्यात या प्रश्नावरून मी स्वतःला पुष्कळ बोलून घेतलं आहे. पण कुमुदताईंना माझा हा स्वभाव ठाऊक होता. "हिला देवानं जिभेच्या जागी प्रश्नचिन्ह दिलं," असं त्या चारचौघांत सांगायच्या.

लग्न होऊन मी मुलुंड पूर्वेला आले तेव्हा त्या आमच्या समोरच्या दारात राहायच्या. चाळिशी उलटलेली, विमा कचेरीत नोकरी, मूळ गाव मालवणजवळ. मुंबईत इतकी वर्षं काढूनही राग आला किंवा माया दाटली की त्यांच्या तोंडून मालवणीच यायची. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पाच खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर जुन्या कापडाची एकेक पिशवी. प्रत्येकीत एक चालू काम. सगळं एका टोपलीत का ठेवत नाही, हा माझा त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. त्यावर त्यांनी मला दारामागे उभं करून खिळ्यांची शिकवणीच घेतली. पहिली पिशवी रेशनच्या रांगेची, तिच्यात न बघता जमेल असं सरळसोट विणकाम. दुसरी ऑफिसची, तिच्यात क्रोशाचं काम, कारण साहेब आले की ते मुठीत मावतं. तिसऱ्या पिशवीत भरतकामाची रिंग. ती फक्त रविवारी, खिडकीतल्या उजेडात बाहेर यायची. चौथीत वेण्यांच्या नक्षीचा स्वेटर. तो सकाळी नळाला पाणी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात, आणि तेव्हा घरात कुणी ब्र काढायचा नाही. पाचवी पिशवी पिवळ्या परकराची होती. तिच्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "ही गप्पांची."

माणूस तसा मोकळा, पण विणकामात भलता कडक. एका चुकलेल्या टाक्यासाठी पुतण्याच्या स्वेटरची अख्खी बाही त्यांनी माझ्यादेखत उसवली होती. कोण बघणार आहे, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "मी बघितलंय ना?"

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, शिवायचं नाही, विणायचं तर नाहीच, अशी आमच्याकडे रीत. बाळ आलं की पहिले दिवस जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यांवर काढायचे. मी पडले विज्ञानाची शिक्षिका! पहिल्या खेपेला मी कपाटाआड लपून चिमुकल्या पायमोज्यांची जोडी विणली आणि मनातल्या मनात हसलेसुद्धा. सातव्या महिन्यात मूल गेलं. कपाट आवरताना सासूबाईंना ते मोजे सापडले. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते... दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले तेव्हा माझं सगळं विज्ञान कुठच्या कुठे पळालं होतं. बाळासाठी म्हणून घरात दोरासुद्धा येऊ द्यायचा नाही, हे आता सासूबाईंपेक्षा मीच जास्त पाळत होते. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. दिवसभर छताकडे बघायचं आणि घाबरायचं, एवढाच उद्योग होता.

कुमुदताई ऑफिसातून आल्या की पिवळी पिशवी घेऊन माझ्या उशाशी येऊन बसायच्या. पांढऱ्या लोकरीची, वीतभर रुंदीची, कसलीही नक्षी नसलेली पट्टी विणायच्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे कुणाचं?"

"कोणाचा नाय गो. नुसती पट्टी आसा."

अशा पट्ट्या जोडून पांघरूण करत असतील, असं मी धरून चालले. गप्पांच्या भरात एकदा त्यांनी सुया माझ्या हातात दिल्या. "हात रिकामे कित्याक ठेवतंस? घाल चार ओळी." मी बिचकले तर म्हणाल्या, "पट्टीला कोण घाबरतं?" मग ते रोजचंच झालं. माझा टाका सैल. मच्छरदाणी बरी, असं विणकाम. त्या बघायच्या आणि पुढची ओळ सुरू करायच्या. चार ओळी विणून होईपर्यंत मात्र मला भीती वाटत नसे.

मुक्ता तीन आठवडे आधी झाली. पिटुकली, टोपलीत मावेल एवढी. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो आणि बाराव्या दिवशी बारसं. मधला तो एकच आठवडा, आणि नेमकी त्याच आठवड्यात कुमुदताईंची कामं गळ्यापर्यंत आलेली. भाचीचं लग्न शुक्रवारी, तिच्या शालूवरच्या ब्लाऊजचं भरतकाम अर्धंच झालेलं. महिला मंडळाच्या प्रदर्शनाचा क्रोशाचा टेबलक्लॉथ गुरुवारी द्यायचा. साहेबांचा मुलगा शनिवारी डेहराडूनला निघणार, त्याच्या स्वेटरची एक बाही बाकी. त्यात लग्नाला आलेले सात पाहुणे घरात, आणि त्या सातांना कुमुदताईंचा नवाकोरा रंगीत टीव्ही सोडवत नव्हता. मी बाळाला मांडीवर घेऊन उघड्या दारातून बघत असे. डाळ शिजेपर्यंत टेबलक्लॉथच्या दोन ओळी, पाहुण्यांना चहा देऊन झाला की बाही, सकाळच्या उजेडात ब्लाऊज. "वाट लागली गं माझी!" असं ओरडायच्या आणि पुढची पिशवी काढायच्या.

तिन्ही कामं वेळेवर गेली. आणि रविवारी बारशाला त्यांनी पाळण्यात ठेवला पांढरा स्वेटर, टोपडं आणि मोजे. मुक्ताच्या इवल्याशा अंगाला चोख बसणारे! सगळ्या बायका वा वा करत होत्या आणि मी मनात हिशेब मांडत होते. एका ओळीला इतकी मिनिटं, पाठीला इतक्या ओळी... त्या आठवड्यात हे बसतच नव्हतं. त्यांना बाजूला ओढून मी विचारलं, "खरं सांगा, हे आधीच विणून ठेवलं होतंत?"

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "बाळ व्हायच्या आधी मी स्वेटर करीत नाही, नीले. कुणाचाच नाही." त्या खोटं बोलत नसत. मी सुटले. पण कसं, हा प्रश्न काही सुटला नाही. पुढची सहा वर्षं, आम्ही चारकोपला राहायला गेल्यावरसुद्धा, भेटले की मी विचारायची आणि त्या म्हणायच्या, "हात चालले."

तेराव्याला मुलुंडला गेले तेव्हा अण्णांनी पाचव्या खिळ्यावरची पिवळी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत पांढऱ्या, पिवळ्या अशा चार-पाच पट्ट्या. एकीचेही टाके बंद केलेले नव्हते. सगळ्या टाक्यांतून जाड दोरा ओवून ठेवलेला, म्हणजे हव्या तेवढ्या ओळी वाढवाव्यात किंवा उसवाव्यात. सर्वांत वर ती निळी, अजून सुईवरच. "पट्टीला गळा काढला की तो स्वेटर," अण्णा म्हणाले, "तोवर नुसती पट्टी. ही तिची पळवाट. म्हणायची, बाळाला आल्याबरोबर ऊब हवी आणि त्याच्या आईला भीती नको. दोन्ही कसं जमवायचं? गेली वीस वर्षं हेच चाललं होतं. कुणाकडे दिवस राहिल्याचं कळलं की एक पट्टी सुरू."

"मग ही निळी कुणाची?"

"तुझ्या धाकट्या जावेचं तिला कळलं होतं ना."

चारकोपला परतल्यावर मी आधी ट्रंक उघडली. मुक्ताचा स्वेटर बाहेर काढून खिडकीशी उजेडात धरला. समोरून सगळा एकसारखा. मागची बाजू वळवली आणि... दर थोड्या अंतरावर चार-चार ओळी सैल. मच्छरदाणी. मी मोजत गेले. एकही ओळ त्यांनी उसवली नव्हती. एका टाक्यासाठी अख्खी बाही उसवणाऱ्या बाईनं! माझ्या मुलीचं पहिलं वस्त्र मी स्वतःच विणलं होतं, तेही न घाबरता, आणि त्यांनी मला ते कळू दिलं नव्हतं. मी खिडकीशी बसून खूप रडले.

माझी जाऊ सुनीता आमच्याबरोबरच राहते. तिला सहावा महिना आहे आणि गेल्या वर्षी तिचंही एकदा बिनसलं होतं. ती फार बोलत नाही, छताकडे बघत पडून असते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे मी एक खिळा ठोकला आहे. शाळेतून आले की पिवळी पिशवी काढते आणि तिच्या उशाशी बसते. कुमुदताईंच्या सुईवर जिथे ओळ थांबली होती, तिथूनच पुढे विणते आहे. काल तिनं मान वळवून विचारलं, "वहिनी, हे कुणाचं?"

"कुणाचं नाही गं," मी म्हटलं, "नुसती पट्टी आहे. घे, घाल चार ओळी."